आधी प्लग द्या

पेट्रोलची नवी गाडी घरी आणणाऱ्याला हल्ली पेढ्यांच्या बदल्यात प्रवचन मिळतं. ‘अजून पेट्रोल? इलेक्ट्रिक का नाही घेतली?’ विचारणारा बहुधा बंगल्यात राहतो. ऐकणारा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याची गाडी चाळीस मीटर लांब, एका खांबाला चिकटून उभी असते. त्यानं महिनाभर हिशेब केलेला असतो, तीन शोरूम पालथ्या घातलेल्या असतात, टेस्ट ड्राइव्ह घेऊन तो खूशही झालेला असतो. अडलेला असतो तो एकाच ठिकाणी: रात्री गाडी चार्जिंगला लावायची कुठं?

हा ग्राहक जुनाट आहे, घाबरट आहे, त्याला पर्यावरणाची पर्वा नाही, हे आरोप मला साफ नामंजूर आहेत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीचं घोडं अडलंय ते पार्किंगमध्ये. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी शंभरात तीनसुद्धा इलेक्ट्रिक नव्हत्या. हा आकडा ग्राहकाच्या तोंडावर फेकण्याआधी त्याच्या पार्किंगमधला खांब एकदा बघून या.

आणि हे घडतंय कुठं? २०२० च्या जानेवारीत आलेली नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झाली. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणमधून बाहेर पडतात. बजाजची इलेक्ट्रिक चेतक आकुर्डीची. बनवायला आम्ही, आणि लावायला जागा नाही.

रुपयाचा हिशेब मांडू. पुण्यात पेट्रोल शंभरीच्या वर जाऊन बसलंय. मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही शहराच्या गर्दीत लिटरला १२-१३ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. तेवढीच इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. घरची वीज १० रुपये युनिट धरली तर किलोमीटरला दीड रुपया. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेसहा हजार वाचतात. गाडी तीन-साडेतीन लाखांनी महाग पडली तरी चार-पाच वर्षांत फिटते. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची मिळते, त्यामुळे तोवर तिची धास्ती बाळगण्याचं कारण नाही.

पण हा अख्खा हिशेब घरच्या विजेवर उभा आहे. हेच चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर करा. युनिटला वीस रुपयांच्या पुढे मोजावे लागतात, त्यात १८ टक्के जीएसटी. किलोमीटरचा खर्च तीन-साडेतीन रुपयांवर जातो. सीएनजीची गाडी जवळपास तेवढ्यातच धावते आणि किमतीला कितीतरी स्वस्त मिळते. मग ज्याला घरी प्लग नाही, त्यानं तीन-साडेतीन लाख जास्त का घालावेत? वर रविवारची सकाळ चार्जरपाशी का घालवावी? त्यानं ‘नाही’ म्हटलं तर तो हिशेबात बरोबर आहे.

घरची वीज मिळाली तरी एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, पुढे त्याहून चढा. घरात आधीच अडीचशे युनिट जळत असतील आणि त्यात गाडीचे दीड-पावणेदोनशे मिळवले, तर वरची युनिटं महाग टप्प्यात जातात आणि दीड रुपयाचा हिशेब अडीच रुपयांवर येतो. म्हणून गाडीसाठी स्वतंत्र मीटर घ्यावा, त्याला ईव्हीचा वेगळा दर लागतो. मीटर महावितरण देईल. मात्र केबल जाणार सोसायटीच्या सामाईक भिंतीवरून. म्हणजे एनओसी. म्हणजे कमिटी.

अशा एका सभेत मी बसलो आहे. इमारत वीसेक वर्षांची, खाली स्टिल्ट पार्किंग, मीटररूम जिन्याखाली. अर्जदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चौकटीच्या वहीच्या कागदावर केबलचा मार्ग आखून आणला होता. मीटररूममधून निघून भिंतीच्या कडेनं, ड्रेनेजच्या पाइपाच्या वरून, त्यांच्या खांबापर्यंत. आर्मर्ड केबल, वेगळा मीटर, एमसीबी, गळती झाली की करंट तोडणारा ब्रेकर, अर्थिंग आणि टोकाला १६ अँपिअरचं कुलूपबंद सॉकेट. इलेक्ट्रिशियनचं कोटेशन सोबत जोडलेलं. खर्च सगळा त्यांचाच.

सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील.’

‘मागू देत की,’ काका म्हणाले. ‘सगळ्यांनी मागितलं तर सगळ्यांचं मिळून स्वस्तात होईल.’

मागच्या रांगेतून आवाज आला, ‘आग लागली तर जबाबदार कोण?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘कॉमन मीटरवर लोड आला तर?’ स्वतंत्र मीटर म्हणजे काय, हे काकांनी दोनदा समजावून सांगितलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढच्या सभेत गळक्या टाकीनं सगळा वेळ खाल्ला. काकांनी वाट पाहिली आणि पेट्रोलची गाडी बुक केली. आता कुणी त्यांना पर्यावरणावर व्याख्यान देऊन दाखवावं.

त्या सॉकेटवरचा चार्जर साधारण सव्वातीन किलोवॉट ओढतो. बाथरूममधला गीझर दोन-तीन किलोवॉट ओढतो. सकाळी सातला त्या इमारतीत पंचवीस-तीस गीझर एकदम चालू होतात, त्यांना कुणी एनओसी विचारत नाही. गाडी चार्जिंगला लागते रात्री अकरानंतर, जेव्हा गीझर, ओव्हन, मिक्सर सगळे झोपलेले असतात.

‘सगळे मागतील’ या शंकेत मात्र दम आहे. जुन्या इमारतीला मंजूर झालेला भार तुटपुंजा असतो आणि एकाच वेळी वीस गाड्या लागल्या तर केबल आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही कुरकुरतील. यावर उपाय एकदाच नीट आराखडा करण्याचा. पार्किंगच्या बाजूला ईव्हीसाठी वेगळं पॅनेल बसवा, महावितरणकडे भार वाढवून मागा, गाड्या आळीपाळीनं लागतील अशी वेळेची सोय करा. काम महिन्या-दोन महिन्यांचं. सोसायट्या रंगकामावर याहून जास्त वेळ आणि पैसा घालवतात.

आगीची भीतीही मी हसण्यावारी नेणार नाही. लिथियमच्या बॅटरीनं पेट घेतला तर ती विझवणं अवघड जातं. पण पार्किंगमधला खरा धोका मला वेगळाच दिसतो. एनओसी नाकारलेला माणूस पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतो. गीझरच्या ताकदीचा भार, पंख्याच्या जाडीची वायर, पावसात भिजणारा जोड, रात्रभर. मध्यरात्री ही वायर हात लावून बघा, चटका बसतो. नियमानं लावलेलं सॉकेट नाकारून कमिटीनं हा धोका स्वतः ओढवून घेतलेला असतो.

नियम नाहीत असंही नाही. सोसायट्यांनी चार्जिंगच्या अर्जावर सात दिवसांत ना-हरकत द्यावी, असं परिपत्रक सहकार आयुक्तांनी डिसेंबर २०२२ मध्येच काढलं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंगची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात नव्या इमारतींचं पार्किंग ईव्हीसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आहे. पण पुणे, ठाणे, नाशिक राहतंय ते जुन्या इमारतींत. तिथं सात दिवसांचे सात महिने झाले तरी कमिटीला कुणी जाब विचारत नाही. दंड नाही, आपोआप मंजुरी नाही. सात दिवसांत लेखी कारण दिलं नाही तर ना-हरकत मिळाली असं समजावं, एवढं एक वाक्य त्या परिपत्रकात घाला. सरकारला एक रुपयाही खर्च येणार नाही.

सरकार रुपया खर्च करतंय तो दुसरीकडे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. मार्च सरायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागं घेतला. यातून फारसा महसूल मिळणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल, हे कारण. पुढच्याच महिन्यात, २९ एप्रिलला, नवं ईव्ही धोरण मंत्रिमंडळात मंजूर झालं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोल माफ. अटल सेतूवर ही माफी प्रत्यक्ष सुरू व्हायला २२ ऑगस्ट उजाडला.

टोलमाफीला माझा विरोध नाही. पण ती पोचते कुणाला? तीस लाखांची गाडी घेणाऱ्याकडे स्वतःचं आवार असतं, चार्जर कंपनी लावून देते, गच्चीवर सोलर असतं. त्याला टोल माफ, वर कर माफ. तिकडे बारा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची तयारी ठेवून बसलेली शिक्षिका तीन महिने कमिटीच्या शिक्क्याची वाट बघतेय. द्रुतगती मार्गावर तिचं वर्षातून चारदा जाणं होतं. तिला टोलमाफी नको, सॉकेट हवंय. सवलतीची गाडी चुकीच्या दारात उभी केलीय आणि धोरण आखणाऱ्यांना हे कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

हायब्रिडकडे वळू, कारण प्लग नसलेल्या माणसासमोर खरा पर्याय तोच आहे आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय होतोय. हायब्रिडचं गणित सोपं आहे. पेट्रोलचं इंजिन, सोबत छोटी बॅटरी आणि मोटर. उतारावर आणि ब्रेक मारताना बॅटरी स्वतःच भरते. हिंजवडीच्या कोंडीत अशा गाडीत बसून बघा. पुढची गाडी दहा फूट सरकते, आपण दहा फूट सरकतो, आणि या सगळ्या रांगण्यात इंजिन बंद असतं. पडद्यावर चाकांकडे जाणारा बाण बॅटरीतून निघालेला दिसतो. भूमकर चौकाच्या पुढे जरा वेग मिळाला की इंजिन हळूच जागं होतं. शेजारी उभ्या पेट्रोल गाडीचं इंजिन तासभर जागच्या जागी पेट्रोल जाळत असतं. शहरात अशी हायब्रिड लिटरला वीसच्या आसपास देते. किलोमीटरला पाच रुपये. प्लग नको, एनओसी नको.

आता कर बघा. सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरहून लांब हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस, मिळून ४३ टक्के. इलेक्ट्रिकवर ५. २२ सप्टेंबरपासून नवे दर आले. छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्या ४० वर, इलेक्ट्रिक ५ वरच राहिली. आणि चार मीटरहून थोडी लांब, दीड लिटर इंजिनाची, पेट्रोल वाचवणारी हायब्रिड त्याच ४० टक्क्यांत बसवली, जिथं लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणारी धूड एसयूव्ही बसते. पेट्रोल कमी जाळणाऱ्याला आणि वारेमाप जाळणाऱ्याला एकच कर. याला काय तर्क आहे?

उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही धावणाऱ्या, हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा इलेक्ट्रिकमध्ये हजारो कोटी गुंतवलेल्या कंपन्यांनी तक्रार केली. त्यांचं दुखणं मला समजतं. हायब्रिडला ५ टक्क्यांवर आणावं असं मीही म्हणणार नाही. शेवटी ती पेट्रोलवरच चालते. पण ५ आणि ४० यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. जितकं पेट्रोल कमी जाळाल तितका कर कमी, ही पायरी लावायला कसली अडचण? महाराष्ट्राला तर यात दुहेरी स्वारस्य हवं. टोयोटा-किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरला २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी जुलै २०२४ मध्ये राज्याशी करार केला, तो इलेक्ट्रिक आणि हायब्रिड दोन्ही गाड्यांचा आहे.

शोरूममध्ये जाणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. ‘हायब्रिड’ असं मागं लिहिलेली प्रत्येक गाडी वर सांगितल्यासारखी चालत नाही. माइल्ड हायब्रिडची मोटर इंजिनाला नुसता टेकू देते, एकटी गाडी चालवत नाही. सेल्समनला एकच विचारा: ही गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर धावते का? तो ‘तसं नाही, पण’ असं म्हणाला की समजा.

सीएनजीवाल्यांचं उदाहरण तर मला कायम आठवतं. मारुतीच्या विक्रीत साधारण तीनातली एक गाडी सीएनजीची असते. हे लोक डिकी सिलिंडरला देऊन टाकतात, बॅगा मांडीवर घेतात, पंपावर अर्धा अर्धा तास रांगेत उभे राहतात, गॅस भरताना सगळ्या कुटुंबाला घेऊन खाली उतरतात. का? कारण किलोमीटरमागे चार रुपये वाचतात. इतकी गैरसोय सोसणारा ग्राहक इलेक्ट्रिक गाडीला घाबरेल? त्याला रात्री घरी प्लग मिळू द्या, तो सगळ्यांच्या पुढे धावेल.

पेट्रोलवाल्यांचीही बाजू घेतो. २०२५ पासून पंपावर सरसकट २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा मायलेज थोडं घटणारच. उसाच्या शेतकऱ्याच्या पदरात यातून दोन पैसे पडत असतील तर महाराष्ट्रात कुणी नाक मुरडणार नाही. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर पर्याय ठेवलेला नाही आणि मायलेज घटलं तरी लिटरचा दर घटलेला नाही. त्याच्या खिशातून गेलेले पैसे त्याला दिसतात.

बाहेर बघितलं की लोक नॉर्वेचं नाव घेतात. तिथं २०२४ मध्ये विकलेल्या दहा नव्या गाड्यांतल्या जवळपास नऊ निखळ इलेक्ट्रिक होत्या. श्रीमंत देश, तीस वर्षांची करसवलत, ठीक आहे. मला नेपाळ जास्त महत्त्वाचा वाटतो. तेल विकत घ्यायला परकीय चलन मोजावं लागतं, नद्यांवरची वीज भरपूर, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचा आयात कर पेट्रोल गाड्यांपेक्षा खूप खाली ठेवला. आज तिथं आयात होणाऱ्या नव्या मोटारींत बहुसंख्य इलेक्ट्रिक असतात. काठमांडूचा ग्राहक पुण्याच्या ग्राहकाहून शूर आहे काय?

एक बोच राहतेच. पुण्यातली इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही, पण तिची वीज बरीचशी कोळशाची आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथली राख तिथल्याच लोकांच्या अंगणात पडते. इलेक्ट्रिक मोटर पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, त्यामुळे एकूण हिशेबात ती उजवीच ठरते. तरीही आपली हवा स्वच्छ करून चंद्रपूरकरांच्या छातीत धूर कोंबणं मला मान्य नाही. म्हणून चार्जिंग दिवसाकडे सरकायला हवं, जेव्हा सौरवीज हाताशी असते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट देतंय, ती याचसाठी. पण त्या वेळात गाडी असते कुठं? हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्यात, कंपनीच्या तळघरात, आठ-नऊ तास जागची न हलता. तिथं महागडे फास्ट चार्जर नकोतच, १६ अँपिअरची साधी सॉकेटं रांगेनं बसवा. संध्याकाळपर्यंत दीडशे किलोमीटरची वीज आरामात भरते. आयटी पार्कांना सरकारकडून सवलती मिळतात, त्यांच्या अटींत ही सॉकेटं घाला. सोसायटीची एनओसी अडली तरी त्या माणसाची गाडी अडणार नाही.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. ज्यांना इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे त्यांनी सभेची वाट न बघता आजच अर्ज द्यावा. सोबत केबलच्या मार्गाचा नकाशा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं कोटेशन, खर्च स्वतः करण्याची लेखी हमी आणि २०२२ च्या परिपत्रकाची प्रत. तुमच्यासारखे आणखी चार सभासद असतील तर पाच जणांचा मिळून एक अर्ज करा, म्हणजे पॅनेलचा खर्च वाटला जाईल आणि ‘उद्या सगळे मागतील’चं उत्तरही तिथंच मिळेल. नकार आला तर तो लेखी मागा आणि उपनिबंधकांकडे घेऊन जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सेक्रेटरींची सही आणि तारीख घ्यायला विसरू नका, सात दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.